हृदयक्रिया बंद पडून

प्रश्न असा होता: "सर, ‘अननॅचरल’ ही जपानी मालिका पाहिली. त्यातल्या डॉक्टर मिकोतोला पाहून पीजीला (पदव्युत्तर शिक्षणाला) फॉरेन्सिक घ्यावंसं वाटतंय. घरचे वेड्यात काढतात. मालिका खरंच तेवढी चांगली आहे का? त्यातलं खरं किती, खोटं किती?"

तू विचारलंस तेव्हा मी ती पाहिलेली नव्हती. अशा मालिका मी सहसा पहिल्या दहा मिनिटांत बंद करतो. पांढऱ्याशुभ्र खोलीत निळा दिवा लावून कोणीतरी मृतदेहाकडे एकटक बघतं आणि "मृत्यू रात्री अकरा वाजून चाळीस मिनिटांनी झाला" असं सांगून टाकतं, तिथे माझा संयम संपतो. गेली सव्वीस वर्षं सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात न्यायवैद्यक, म्हणजे फॉरेन्सिक, शिकवतोय आणि सकाळी पीएम (पोस्टमॉर्टेम, शवविच्छेदन) करतोय. मिनिटं सांगणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. पण ‘अननॅचरल’चे दहाही भाग मी तीन रात्रींत संपवले, आणि चौथ्या रात्री पहिला भाग पुन्हा लावला. पुढे शेवटासकट सगळं सांगणार आहे, तेव्हा पाहायची असलेल्यांनी इथेच थांबावं.

आधी थोडी ओळख. टीबीएस वाहिनीवर जानेवारी ते मार्च 2018 मध्ये दर शुक्रवारी रात्री दहाला ही मालिका लागायची. कथा कुठल्या कादंबरीवरून घेतलेली नाही. ती नोगी अकिको या लेखिकेने मालिकेसाठीच लिहिली. मुख्य दिग्दर्शिका त्सुकाहारा आयुको, निर्माती अराई जुन्को. यूडीआय (अननॅचरल डेथ इन्व्हेस्टिगेशन) लॅब नावाच्या एका काल्पनिक संस्थेत संशयास्पद मृत्यूंची कारणं शोधली जातात. तिथे मिसुमी मिकोतो (इशिहारा सातोमी) आणि तुसडा, तोंडाळ नाकादो (इउरा अराता) हे दोन न्यायवैद्यक डॉक्टर, तपासण्या करणारी शोजी, पार्ट टाइम काम करणारा वैद्यकीय विद्यार्थी रोकुरो आणि सरकारकडे निधीसाठी खेटे घालणारे प्रमुख कामिकुरा. कामिकुरांचं काम करणारे मात्सुशिगे युताका एरवी भूक लागली की एकटेच हॉटेलात शिरणाऱ्या माणसाच्या भूमिकेसाठी ओळखले जातात. इथे ते अनुदानाच्या फायली घेऊन फिरतात. विभागप्रमुख झालेल्या कोणालाही त्यांच्याबद्दल सहानुभूती वाटेल.

मला मालिकेने पकडलं ते पहिल्या भागातल्या एका साध्या गोष्टीने. एक तरुण मुलगा घरात मेलेला सापडतो. पोलिसांच्या लेखी तो हृदयविकाराने गेलेला असतो. आईवडिलांना ते पटत नाही, म्हणून मृतदेह लॅबमध्ये येतो. मिकोतो हृदय तपासते तर ते ठणठणीत. निकामी झालेली असतात मूत्रपिंडं.

दरवर्षी पहिल्या तासाला मी काय सांगतो ते तुला आठवत असेल. निधनवार्तेत "हृदयक्रिया बंद पडून" असं छापून येतं, मृत्यूच्या दाखल्यावरही घाईत तेच लिहिलं जातं. हृदयक्रिया सगळ्यांचीच बंद पडते. ट्रकखाली सापडलेल्याची पडते, विष प्यायलेल्याची पडते, शंभर वर्षांच्या आजीची पडते. ते मरणाचं कारण झालं नाही, मरणाची व्याख्या झाली. एका जपानी मालिकेची लेखिका पहिल्या पंधरा मिनिटांत नेमकं हेच मांडते, आणि तेही कोणाला व्याख्यान न देऊ देता, हे पाहून मी खुर्चीत सरळ बसलो.

ही कल्पना नोगींनी हवेतून काढलेली नाही. टोकियोच्या 23 प्रभागांसाठी 1948 पासून स्वतंत्र मेडिकल एक्झामिनर कार्यालय, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची कारणं तपासणारं कार्यालय, आहे. युद्धानंतर अमेरिकी अंमलात काही मोठ्या शहरांसाठी ही पद्धत आली. आज ती टोकियो, ओसाका, कोबे अशा मोजक्याच ठिकाणी खऱ्या अर्थाने चालते. बाकी जपानात विद्यापीठातल्या न्यायवैद्यक विभागांवर भिस्त, आणि पूर्ण देशात असं काम करणारे डॉक्टर दीडशेच्या आसपास. पोलिसांकडे आलेल्या दहा मृतदेहांपैकी जेमतेम एकाचं शवविच्छेदन होतं. उरलेल्यांचं कारण बाहेरून पाहूनच लिहितात.

2007 मध्ये आइची प्रांतातल्या इनुयामाला सुमोच्या शिबिरात 17 वर्षांचा एक नवशिका मल्ल मरण पावला. आधी हृदयविकार म्हणून सांगितलं गेलं. आईवडिलांनी अंगावरचे वळ पाहिले आणि त्याला आपल्या गावी, निइगाताला नेऊन विद्यापीठात शवविच्छेदन करून घेतलं. मारहाणीने मेल्याचं निघालं, आणि आखाड्याच्या उस्तादाला शिक्षा झाली. त्यांनी वळ पाहिले नसते तर तो मुलगा कागदोपत्री आजही हृदयविकारानेच गेलेला असता. अशा प्रकरणांमुळे जपानने 2012 मध्ये कायदा केला. एप्रिल 2013 पासून पोलिसप्रमुख नातेवाइकांच्या संमतीशिवायही शवविच्छेदन करवू शकतात. यूडीआय लॅब काल्पनिक असली तरी तिच्या दारात उभे राहणारे आईवडील खरे आहेत.

आपलं उलटं आहे. अकस्मात मृत्यूची नोंद झाली, ए.डी. दाखल झाली, की हवालदार पंचनामा घेऊन मृतदेह पाठवतो. आधी सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहितेचं) कलम 174, आता तिच्या जागी आलेल्या नव्या संहितेचं कलम 194. नातेवाइकांची संमती लागत नाही. त्यामुळे पीएम भरपूर होतात, आणि भरपूर होतात म्हणूनच एकेकाला मिळणारा वेळ कमी. व्हिसेरा (अवयवांचे नमुने) राखून ठेवायचा, "अभिप्राय राखीव" लिहायचं, आणि सी.ए. रिपोर्टची, म्हणजे रासायनिक तपासणीच्या अहवालाची, वाट बघायची. तो येईपर्यंत त्या घरात वर्षश्राद्ध उरकलेलं असतं. जपानला मृतदेह टेबलावर येत नाहीत याचं दुःख आहे, आम्हाला टेबल रिकामं होत नाही याचं. मालिका पाहताना हा फरक डोक्यात ठेवलास तर मिकोतो एका मृतदेहावर एवढा वेळ कसा देऊ शकते हे कोडं सुटेल.

पहिल्या भागाकडे परत येतो, कारण त्याचा उत्तरार्ध जास्त मोठा आहे. त्या तरुणाचा मृत्यू मर्स या विषाणूने झालेला निघतो. तो कामासाठी सौदी अरेबियात जाऊन आलेला असतो. झालं, त्यानेच देशात रोग आणला म्हणून सगळे त्याच्यावर तुटून पडतात. मेलेला माणूस उत्तर देऊ शकत नाही आणि आईवडील माफी मागत फिरतात. मिकोतो मात्र तारखा जुळवत बसते आणि शेवटी निघतं की विषाणू त्याने आणला नव्हता, परत आल्यावर तो ज्या मोठ्या इस्पितळात तपासणीला गेला तिथून त्याला लागला. कोविडच्या दोन वर्षं आधीची ही मालिका. लोक म्हणतात तिने साथ आधी ओळखली. विषाणूंबद्दल तर पाठ्यपुस्तकातही लिहिलेलं होतं. तिने ओळखला तो माणसांचा स्वभाव. 2020 च्या उन्हाळ्यात शवागाराच्या गेटपासून पन्नास फुटांवर उभे राहून "तुम्हीच उरकून घ्या" म्हणणारे मुलगे मी पाहिले आहेत, आणि त्यांना तसं करायला लावणारे शेजारीही.

इथेच मालिकेचं खरं बळ आहे. मृत्यूचं कारण मेलेल्याच्या काही कामाचं नसतं, ते हवं असतं मागे राहिलेल्यांना. चौथ्या भागात केक बनवणाऱ्या कारखान्यातला एक कामगार मोटरसायकलवरून पडून मरतो. कारखाना, इस्पितळ आणि गाडी दुरुस्त करणारा, तिघांनाही कारण आपल्याकडे यायला नको असतं. त्याच्या बायकोला मात्र कुठलं का होईना, एक कारण हवं असतं, कारण पोरांचं पोट त्यावर आहे. शेवटी मानेतली रक्तवाहिनी आधीच्या एका अपघातात इजा होऊन फाटल्याचं कळतं. मणक्याच्या आतून जाणारी ही धमनी नेहमीच्या पद्धतीच्या पीएममध्ये सहज निसटते. ती बघायची ठरवून बघावी लागते.

मला परांचीवरून पडलेला एक गवंडी आठवला. आधी झटका येऊन पडला की पडून मेला, यावर भरपाई अवलंबून होती. दोन दिवस वेगवेगळी माणसं माझ्या खोलीत येऊन मला हृदयविकारावर प्रवचन देत होती. त्याची बायको बाहेरच्या बाकावर बसून होती, ती एकदाही आत आली नाही. ‘अननॅचरल’ची लेखिका त्या बाकाजवळ कधीतरी बसली असावी असं वाटतं.

आठवा भाग सर्वांत चांगला, असं माझं मत. इमारतीला आग लागून दहा मृतदेह येतात. त्यातल्या एकाच्या अंगावर दोराच्या खुणा असतात, म्हणजे कोणीतरी बांधून ठेवून आग लावली असा संशय. मृत माणूस तुरुंगात जाऊन आलेला, बापाने त्याला टाकलेलं. दोराचा अर्थ उलगडतो तेव्हा कळतं की तो बेशुद्ध माणसांना पाठीवर बांधून बाहेर काढत होता. बापानेच लहानपणी शिकवलेली पद्धत. पुरावा तोच राहतो आणि गुन्हेगार वाटलेला माणूस रक्षणकर्ता ठरतो. याच भागात कामिकुरा 2011 च्या त्सुनामीनंतर रांगेने ठेवलेल्या अनोळखी मृतदेहांची आठवण काढतात. ओळख पटवून घरी पाठवणं हे आमचं निम्मं काम. त्यावर कोणी मालिका काढत नाही, या भागाने पाऊण तास तेच दाखवलं.

तिसऱ्या भागात मिकोतो कोर्टात साक्षीला उभी राहते. सरकारी वकील तिच्या निष्कर्षाला हात न लावता ती बाई आहे, भावनेच्या भरात बोलते, असा रोख ठेवतो. पुढे तर खुद्द आरोपीलाच आपल्या बाजूने बाई नको असते, आणि शेवटी नाकादो उभा राहतो. जिंकतात, पण ती जिंकत नाही. जपानात खटला उभा राहिला की 99 टक्क्यांहून जास्त वेळा शिक्षा होते, त्यामुळे विरोधात साक्ष देणं हे वाऱ्याविरुद्ध थुंकण्यासारखं. फॉरेन्सिकला आलीस तर हा भाग तुला दोनदा आठवेल. पहिल्यांदा उलटतपासणीत. दुसऱ्यांदा, शवागारात आलेला एखादा साहेब तुला ओलांडून पुढे जाऊन "डॉक्टर कुठे आहेत?" विचारेल तेव्हा.

आता उणिवा. विज्ञानाच्या चुका मला फार सापडल्या नाहीत. दुसऱ्या भागात चार मृतदेह एका बंद खोलीत, कोळशाच्या धुराने केलेल्या सामूहिक आत्महत्येसारखं दृश्य. त्यातली एक मुलगी प्रत्यक्षात थंडीने मेलेली असते. कार्बन मोनॉक्साइडने मृतदेहावर गुलाबी डाग येतात आणि गोठून मेलेल्यांवरही येतात, हा अगदी खरा सापळा. आपल्याकडे तर शीतपेटीत ठेवलेल्या साध्या मृतदेहावरही तशी छटा येते आणि नवे डॉक्टर फसतात. म्हणजे लेखिकेने अभ्यास केलाय. पण त्याच भागात पुढे मिकोतो आणि रोकुरो गुन्हेगाराच्या मागे जाऊन एका बंद ट्रकमध्ये कोंडले जातात, ट्रक पाण्यात जातो, आणि आत शिरणाऱ्या पाण्याच्या रासायनिक गुणांवरून नाकादो लॅबमध्ये बसून जागा ओळखतो. मजा येते, नाही असं नाही. पण न्यायवैद्यक डॉक्टर संशयिताचा पाठलाग करत नाही. तो जाऊ लागला तर त्याचा अहवाल कोर्टात दोन मिनिटं टिकणार नाही, कारण बचाव पक्षाचा पहिला प्रश्न असेल, "डॉक्टरसाहेब, तुम्ही तपास करत होता की तपासणी?"

दुसरी उणीव वेळेची. दहा भागांत एकदाही कोणी "रिपोर्ट आलेला नाही" म्हणून तीन महिने थांबत नाही. शोजी नमुना यंत्रात घालते आणि पुढच्या दृश्यात आलेख हातात. हे नाटकाच्या सोयीसाठी, समजून घेता येतं. विष शोधताना काय शोधायचं हे आधी ठाऊक असावं लागतं, यंत्र आपणहून नाव सांगत नाही, ही गोष्ट मात्र पहिल्या भागात त्यांनी प्रामाणिकपणे दाखवली. म्हणून मी याचे गुण फार कापत नाही. वास नाही, माश्या नाहीत, पाण्यात आठवडाभर राहिलेला मृतदेह नाही, हीही तक्रार करता येईल. पण त्यांनी कॅमेरा बहुतेक वेळा उघडलेल्या छातीवर न ठेवता डॉक्टरच्या डोळ्यांवर ठेवला, हे मला योग्यच वाटलं. आतडी दाखवून कोणाला धक्का द्यायचा?

खरी गडबड शेवटच्या दोन भागांत आहे. मालिकाभर नाकादोच्या मागे एक जखम असते. आठ वर्षांपूर्वी त्याची प्रेयसी मृतदेह होऊन त्याच्याच टेबलावर आली, तोंडात आतून लाल माशासारखी खूण. खुनी सापडतो आणि कळतं की त्याने इंग्रजी वर्णमालेतल्या अक्षरांप्रमाणे, दर अक्षराला मृत्यूचं वेगळं कारण घेऊन, 26 माणसं मारली. इथे मी कपाळाला हात लावला. आठ भाग ही मालिका सांगत होती की मृत्यूमागे बहुधा आळस असतो, लपवाछपवी असते, कंजुषी असते, एखाद्याचा अहंकार असतो. आणि मग एकदम अक्षरं मोजणारा राक्षस! फॉर्मलिन (मृतदेह टिकवायचं रसायन) टोचून मारल्यावर शरीरात फॉर्मिक आम्ल तयार होणं हे रसायनशास्त्र बरोबर आहे. पण कोडं जितकं चलाख तितकं मरण खोटं वाटू लागतं.

शेवटच्या भागात पुरावा मिळतो तो परदेशातून. जपानात जवळजवळ सगळेच मृतदेह जाळतात, आपल्यासारखेच. नाकादोच्या प्रेयसीला मात्र तिच्या वडिलांनी अमेरिकेत टेनेसी राज्यात पुरलेलं असतं, म्हणून उकरून काढता येतं आणि खुन्याचा डीएनए मिळतो. कल्पना म्हणून सुंदर. चितेनंतर आमच्या हातात काही उरत नाही, म्हणूनच पहिलं पीएम नीट करा असं मी ओरडत असतो. पण रसायनं भरून आठ वर्षं पुरलेल्या तोंडातून दुसऱ्याचा डीएनए वाचता येईल इतका शाबूत मिळणं, यावर मी पैज लावणार नाही. फॉर्मलिन डीएनएचे तुकडे करतं.

तरी तेही चाललं असतं. पुरावा हातात आल्यावर कोर्टात मिकोतो खुन्याला मुद्दाम डिवचते, तुझी कीव येते असं म्हणते, आणि तो भडकून सगळ्यांसमोर खुनांची फुशारकी मारतो. जपानी पोलीस व्यवस्थेवर नेहमीचा आक्षेप काय, तर कबुलीजबाबावर फार भर. ही मालिका त्याच्या नेमकी विरुद्ध उभी होती. माणूस काय बोलतो ते बाजूला ठेवा, शरीर काय सांगतं ते बघा. आणि निकालाच्या क्षणी लेखिकेने पुन्हा कबुलीच मागितली. त्याच भागात थोडं आधी मिकोतोवर अहवालात सोयीचा फेरफार करायचा दबाव येतो, आणि खुनी सुटेल हे दिसत असूनही ती खोटं लिहायला तयार होत नाही. तिथेच मालिका संपवली असती तर मी विद्यार्थ्यांना दाखवली असती.

रोकुरोचं उपकथानक मला अर्धं आवडलं. तो एका चटोर साप्ताहिकासाठी लॅबच्या बातम्या पुरवत असतो. शवागारातून बातमी फुटते कशी हे त्यात बरोबर आहे. पैसे, थोडा मोठेपणा आणि "एवढ्याने काय होतंय". पण तो इतका गोड मुलगा आहे की लेखिकेला त्याला नीट शिक्षा करवत नाही. सातव्या भागात शाळेतली छळवणूक आणि आत्महत्या आहे. कायद्याने आत्महत्या, न्यायाने खून, हा पेच चांगला पकडला आहे. थेट प्रक्षेपणाचा थरार मात्र नसता तरी चाललं असतं. पाचव्या भागात आपण दिलेलं सत्य नातेवाईक सुरीसारखं वापरतो. तो भाग मी मुद्दाम सांगत नाही, तूच बघ, आणि पाहून झाल्यावर विचार कर की तू कारण सांगितलं असतंस का. मी अजून ठरवू शकलेलो नाही.

दरेक भागात सत्य कळण्याच्या क्षणी योनेझू केन्शींचं ‘लेमन’ सुरू होतं. तिसऱ्या भागापासून मला ते येणार हे कळायला लागलं आणि तरीही दर वेळी घशाशी आलं. याला उणीव म्हणायचं की बळ, तूच ठरव.

राहिला तुझा पीजीचा प्रश्न. मालिका पाहून शाखा निवडू नकोस आणि घरच्यांच्या चेहऱ्याकडे पाहून सोडूही नकोस. पहिल्याच भागात मिकोतो सकाळी सकाळी कपडे बदलायच्या खोलीत बसून भाताचा भलामोठा वाडगा चापते. माझ्या बायकोला ते विचित्र वाटलं, मला दहा भागांतलं सर्वांत खरं दृश्य तेच वाटलं. येत्या मंगळवारी माझी पीएमची पाळी आहे. साडेआठला ये, दुपारपर्यंत उभी राहा. येताना डबा आण. एक वाजता तो उघडून खाता आला, तर मग घरच्यांशी काय बोलायचं ते आपण बसून ठरवू.